पुस्तकातली सवत

"आई, मी टॅबिथा झालेय!" कोरीन दारातूनच ओरडली, तेव्हा लुएला तोंडात टाचण्या धरून कुणा परक्या बाईच्या कोटाचं अस्तर उसवत बसली होती. एक टाचणी ओठात रुतली. रक्ताची चव जिभेवर आली तरी तिने टाचण्या काढल्या नाहीत, कारण काढल्या असत्या तर काहीतरी बोलावं लागलं असतं. कोरीनने बूट न काढताच दप्तर खुर्चीवर फेकलं. बुटांबरोबर फ्रँकलिन अ‍ॅव्हेन्यूवरचा मार्चअखेरचा काळा चिखल घरात आला. धापा टाकत ती सांगत सुटली. मे महिन्यात शाळेत माळरानाचा दिवस असतो ना, त्यात यंदा टॅबिथाच्या पुस्तकाचं नाटक आहे, आणि ऑस्टबीबाईंनी सगळ्या वर्गाला वाचायला लावलं, आणि कुणाचाच आवाज मागच्या बाकापर्यंत जाईना. "माझा गेला. भिंतीला आपटून परत आला, असं बाई म्हणाल्या. आणि आई, टोपी लागेल. झालरीची, हनुवटीखाली बांधायची. बाई म्हणाल्या, तुझी आई तर शिवणकाम करते, मग काय काळजी!"

लुएलाने टाचण्या काढून शिवणाच्या छोट्या उशीला टोचल्या. "आणि रेड इंडियन कोण झालंय?" तिने विचारलं.

"एरिक आणि ब्रॅड. टर्कीची पिसं लावणारेत. एरिकला तर ती पिसं हुंगून शिंकाच येतात."

लुएलाला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच अडकलं. या शाळेत पोरीला घातल्या दिवसापासून तिने एका भांडणाची तयारी करून ठेवली होती. कधी ना कधी या बाया माझ्या पोरीच्या डोक्यात पीस खोवतील, गालांवर रंगाचे पट्टे ओढतील आणि म्हणतील, तू तर खरीखुरीच आहेस! त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून काय बोलायचं, ते तिने बसमध्ये, इस्त्री करताना, दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून पँटी आखूड करताना शब्दाशब्दाने जुळवलं होतं. आता ते सगळं वाया गेलं. पोरीला पीस मिळालं नव्हतं, टोपी मिळाली होती. ग्रेबुलांच्या घरातली, आईबापांकडून अस्सल डकोटा, म्हणजे त्यांच्या भाषेत रेड इंडियन, असलेली पोर त्या गोऱ्यांच्या लाडक्या टॅबिथाच्या जागी उभी राहणार होती. आनंद व्हायला हवा होता. पण वाटत होतं ते भलतंच, आणि ते काय आहे हे ओळखायला लुएलाला जराही वेळ लागला नाही. ते तिच्याबरोबरच मोठं झालेलं होतं. तिला मत्सर वाटत होता. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला, स्वतःच्या पोटच्या पोरीचा, आणि त्याहीपेक्षा पुस्तकातल्या त्या दुसऱ्या पोरीचा.

सवत नवऱ्यापायी होते. लुएलाची सवत आईपायी झाली होती. सिसेटन गावाच्या पलीकडे, तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात डांबरी कागदाच्या भिंती फडफडणारं ते घर, मधोमध लोखंडी चूल, आणि चुलीशी बसलेली आई. एव्हँजेलिन ग्रेबुल म्हणजे शब्दांची कंजूष बाई. हात धू. लाकडं आण. गप्प बस. दिवसभरात ती एवढंच बोले आणि तेही पाठमोरी. पण हिवाळ्यात, बाहेर पडायची सोय राहिली नाही की, ती पेटीच्या तळातून ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढायची. लहानपणी तिला सरकारी निवासी शाळेत नेऊन ठेवलं होतं, तिथे शिवणात पहिली आली म्हणून ते बक्षीस मिळालेलं. पुस्तक उघडलं की आईचा आवाजच बदलायचा. खोल, ओला, जरासा घोगरा व्हायचा. जणू तिच्या आत दुसरीच बाई राहत होती आणि तिला बाहेर यायला टॅबिथाचंच दार लागत होतं. टॅबिथाच्या केसांना रिबीन बांधलेली, नाकावर तीळच तीळ. ओहायोहून बैलगाडीतून ती माळावर येते, तिचा बाप मातीच्या ढेकळांचं घर बांधतो, भाऊ जोसाया ससे मारतो, आई पीठ मळते. "तोवर त्या रानात कुणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं," आई वाचायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लुएला सहा वर्षांची असेल. तिने विचारलं, "मग आपण कुठे होतो?" "गप. ऐक." पुढे थोड्याच पानांनी रेड इंडियन येतात, न सांगता दारात उभे राहतात, त्यांच्या अंगाला वास येतो, ते मक्याची अख्खी भाकरी खातात आणि निघून जातात. टॅबिथा आईच्या घागऱ्यामागे लपलेली असते. "कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, तर मग हे कुठून उपटले?" लुएलाने विचारलं. आईच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तिने बोटाने ओळ शोधली आणि त्याच ओल्या आवाजात पुढे वाचत राहिली.

तो आवाज लुएलाला हवा होता. अर्थाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. रान कुणाचं, माणसं कुठून आली, हे पुढे शहरात आल्यावर, सभांमध्ये बसून, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून तिला रागवायला शिकता आलं. त्या वयात तिला एवढंच कळत होतं की आईकडे जी माया आहे ती या तिळवाल्या पोरीवर खर्च होते, आणि आपल्या वाट्याला उरते ती लाकडं. एकदा आई पाणी आणायला गेली असताना तिने पेटीतून पुस्तक काढलं, टॅबिथाचं मोठं चित्र होतं ते पान उघडलं, आणि पेन्सिलीने तिचे केस काळे केले. दोन वेण्या काढल्या. पेन्सिल ओली करून, दाबून. आईने पाहिलं. मार बसणार म्हणून लुएलाने खांदे आखडून घेतले. पण आईने काही न बोलता पावाचा मऊ गर काढला, त्याची गोळी केली आणि टॅबिथाच्या केसांवरून ती हळूहळू, गोल गोल फिरवू लागली. काळं निघत गेलं. कागद फाटू नये म्हणून आई श्वास रोखून बसली होती. लुएला शेजारी उभी राहून बघत राहिली. आपलं तोंड पुसताना आईचा हात असा कधी फिरला नव्हता. ओल्या फडक्याने खसाखसा, आणि झालं. त्या दिवशी मार मिळाला असता तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटे.

टॅबिथाचंही दुखणं होतं, नाही असं नाही. घोडा जोसायाला मिळतो, बंदूक जोसायाला मिळते. टॅबिथाला मिळते सुई आणि 'मुलींनी गुडघे जुळवून बसावं' ही ताकीद. तिथपर्यंत लुएलाला तिची थोडी कीव यायची. पण शेवटाकडे एक जागा होती. माळावरून रेड इंडियनांचा तांडा चाललेला असतो, सैन्याने हाकललेला, कायमचा. त्यात बिनखोगिराच्या तट्टावर एक उघडं पोर असतं. टॅबिथा त्याच्याकडे टक लावून बघते आणि हमसून हमसून रडायला लागते, की मला पण असंच व्हायचंय, मला पण असंच मोकळं जायचंय. आई ही पानं वाचायची तेव्हा लुएला पांघरुणात मुठी आवळायची. हिला घर मिळालं, रान मिळालं, बाप मिळाला, माझ्या आईचा आवाज मिळाला, आणि आता हिला तट्टावरचं ते पोरही व्हायचंय! त्या पोराला पुस्तकात नाव नव्हतं. मुलगा की मुलगी, तेही लिहिलेलं नव्हतं. लुएलाने ती मुलगी आहे असं ठरवून टाकलं होतं, आणि तिला थंडी वाजत असणार असंही. मोकळी कसली! कुठे नेताहेत हेही तिला कुणी सांगितलेलं नसणार.

आता त्याच पोरीसाठी टोपी शिवायची होती. लुएलाने दुकानातून उरलेलं निळ्या ठिपक्यांचं सुती कापड आणलं. बाजारात तयार टोप्या मिळत होत्या. "कशाला मरतेस," दुकानातली जोडीदारीण म्हणाली, "पोरांचं नाटक आहे, दोन टाके घाल आणि मोकळी हो." पण लुएलाने झालर हाताने चुणली, काठ आतून दुमडून शिवला, बंदांची टोकं तिरकी कापली. इतकं बारीक काम तिने स्वतःच्या लग्नाच्या पोशाखावरही केलं नव्हतं. मत्सराने हात इतका स्थिर होतो, हे तिला नवीनच कळलं. एका संध्याकाळी तिने ती कोरीनच्या डोक्यावर चढवली आणि आरशासमोर उभं केलं. शोभत होती. तेच दुखलं. काळ्याभोर केसांवर, सावळ्या कपाळावर निळे ठिपके असे बसले की जणू टोपी तिच्यासाठीच जन्माला आली होती आणि त्या तिळवालीने इतकी वर्षं ती उगाच वापरली. "मी कशी दिसते?" कोरीनने विचारलं. हाच प्रश्न लुएलाने एकदा आईला विचारला होता, पुस्तक गालाशी धरून: मी हिच्यासारखी दिसते का गं? आई हसली होती. नुसती हसली होती. "बरी दिसतेस," लुएला म्हणाली. "हलू नकोस, बंद मोठे झालेत."

रविवारी कोरीनने आजीला फोन लावला. लुएला भांडी घासत होती; नळ तिने बारीक केला. पोरीने सगळं सांगितलं, मग ऐकत राहिली, मग रिसिव्हरवर हात ठेवून ओरडली, "आई! आजी येतेय नाटकाला! बसने!" लुएलाच्या हातातला पेला सिंकमध्ये पडला, फुटला मात्र नाही. लुएला शहरातल्या शाळेतून पास होऊन बाहेर पडली तेव्हा आई आली नव्हती, शहर लांब आहे म्हणून. लग्नाला आली नव्हती, गुडघे दुखतात म्हणून. नवरा पाइपलाइनच्या कामाला उत्तरेकडे गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा कोरीन पाळण्यात होती. तेव्हाही आई आली नव्हती, तिने दाणे घातलेलं वाळलं मांस पाठवलं होतं, बुटांच्या खोक्यात. आणि आता येतेय. टॅबिथासाठी!

एव्हँजेलिन आली ती पुरुषी कोट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन, मागच्या भेटीपेक्षा वीतभर बुटकी झालेली. तिने घरभर नजर फिरवली, रेडिएटरला हात लावून "गरम आहे" म्हणाली, आणि बसली. लुएलाने मक्याचं सूप केलं होतं, पाव तळला होता. कोरीन तिला संवाद म्हणून दाखवत होती आणि आजी मान डोलवत होती. मग कोरीनने टोपी आणून तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने ती उलटी केली आणि आतले टाके पाहिले. अंगठ्याने शिवण चाचपत गेली. तो अंगठा गोल गोल फिरायला लागला, आणि लुएलाचा बांध फुटला.

"झालं ना समाधान?" ती म्हणाली. "मिळाली ना शेवटी हवी तशी पोर?"

"कोण पोर?" आईने मान वर केली.

"कोण काय विचारतेस? टॅबिथा. तुझी लाडकी. माझ्या लग्नाला तुझे गुडघे दुखत होते. हिच्यासाठी बरे झाले."

कोरीन चमचा तोंडात धरून दोघींकडे बघत राहिली. एव्हँजेलिनने टोपी टेबलावर ठेवली. तिच्या गप्प बसण्याची लुएलाला सवय होती, आणि बोलणं तिथेच संपेल अशी तिची खात्रीही होती. पण म्हातारी म्हणाली, "ती पोर मला कधीच आवडली नाही."

"हे बघ आई…"

"रडकी मेली. सारखं आपलं हे पाहिजे, ते पाहिजे. मी तिच्यावर जळायचे, लुएला. जीव जाईल इतकी जळायचे. मी सहा वर्षांची असताना मला उचलून नेलं. केस कापले. रात्री दिवा घालवला की शंभर पोरी एका खोलीत, आणि रडायची बंदी. आणि ही बया रोज झोपायच्या आधी आईपुढे बसते, आई तिचे केस विंचरते, आणि म्हणते…" तिने डोळे मिटले. "'डोळे मीट, चिमणे, दार मी लावलंय.' दर दोन पानांनी म्हणते."

लुएलाला ते वाक्य माहीत होतं. पुस्तकातलं म्हणून नव्हे. रात्री पांघरूण हनुवटीपर्यंत ओढताना आई ते म्हणायची. अगदी हेच, याच शब्दांत. दिवसभराच्या हात धू, गप्प बसमधून शेवटी उरणारं एवढंच एक तिचं स्वतःचं होतं. निदान लुएला तसं समजत आली होती. ते तरी माझं, असं म्हणून तिने ते जपलं होतं; पुस्तकातल्या त्या ओळी ती इतका राग राग करत ऐकायची की त्यांचा नि रात्रीचा मेळ तिने कधी घातलाच नव्हता.

"ते तू पुस्तकातून उचललंस?" तिचा आवाज लहान झाला.

"मग कुठून उचलू?" आई म्हणाली. "मी सोळा वर्षांची होऊन घरी आले तेव्हा माझी आई मरून गेली होती. तू झालीस. तुला मांडीवर दिलं. आयांनी काय बोलायचं असतं, मला काय ठाऊक? मी एकच आई नीट पाहिली होती. ती कागदावरची. मग तिचंच वाचायचं, पाठ करायचं आणि तुला म्हणायचं. वाचताना मी तिच्या आईचा आवाज लावून बघायचे. जमतोय का ते." तिने पावाचा तुकडा सुपात बुडवला. "पुस्तक मिटलं की नाही जमायचा."

कोरीनने हळूच विचारलं, "आजी, मग तू तिचा तिरस्कार करतेस?" "नाटकात छान कर," आजी म्हणाली, "पैसे खर्चून आलेय मी."

लुएलाला वाटलं होतं की असं काही कधी कानांवर पडलं तर आत काहीतरी सैल होईल. उलट झालं. इतकी वर्षं तिने सवतीपासून एक तुकडा राखला होता, तोही सवतीच्या घरचा निघाला. त्याच वेळी, शंभर पोरींच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडलेली एक सहा वर्षांची पोर तिच्या मनात येऊन बसली आणि हलेना. तिच्यावर जळता येईना. तिच्यावर रागावताही येईना. संध्याकाळभर लुएला घरात वस्तू उचलून दुसरीकडे ठेवत राहिली.

नाटकाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि कॉफीचा वास भरला होता. एव्हँजेलिनने पहिल्या रांगेत जागा धरली, पिशवी मांडीवर; लुएला तिच्या मागच्या रांगेत बसली. पुठ्ठ्याच्या बैलगाडीतून कोरीन आली, आणि तिचा आवाज खरंच भिंतीला आपटून परत आला: "तोवर त्या रानात कुणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं!" शेजारच्या सोनेरी केसांच्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला आणि लुएलाच्या कानाशी म्हणाली, "माझी आजी अशीच आली हो, नॉर्वेहून. किती सोसलं त्यांनी." लुएलाने मान हलवली. हिच्याजवळ आजीची गोष्ट आहे, नाटक आहे, रडायला हॉल आहे. ती बाई वाईट नव्हती. म्हणूनच जास्त जळलं.

मग पिसांवाले आले. एरिक दारात उभा राहिला, छाती फुगवली आणि शिंकला. एक पीस उडून त्याच्या नाकावर आलं. पुढच्या रांगेत एव्हँजेलिनने तोंडावर हात धरला, पण खांदे गदगदा हलत होते. कोरीनने ते पाहिलं. घागऱ्यामागे लपायचं होतं, पडद्याआडून ऑस्टबीबाई कुजबुजत होत्या, "लप, कोरीन, लप ना!" पण पोरगी खुदखुदत होती, आणि हसणाऱ्या माणसाला लपता येत नाही. तिने पुठ्ठ्याची भाकरी उचलली आणि घरी कुणी दारात आलं की आपल्याकडे जे म्हणतात ते म्हणून टाकलं, "या ना, बसा. जेवलात का?" एरिक गोंधळला. त्याचं वाक्य होतं 'भाकरी दे'. तो म्हणाला, "नाही," आणि खाली बसला. ब्रॅडही बसला. हॉल हसून फुटला. ऑस्टबीबाईंनी घाईने पुढचं दृश्य आणलं.

बाहेर आल्यावर कोरीन कुरकुरत होती. "पुढच्या वर्षी मी टॅबिथा नाही होणार. तिला नुसतं पीठ मळायचं असतं. घोडाबिडा सगळं त्या जोसायाला! मला जोसायाचा इतका राग येतो ना!" आजी तिला म्हणाली, "ये." आणि चालता चालता तिचा हात धरला, अगदी सहज. लुएला दोघींच्या मागून टोपी हातात घेऊन चालत राहिली. आईचा हात तिने असा कधी धरला नव्हता, आणि आईनेही तिचा धरला नव्हता. पोर नऊ वर्षांची. दारात आलेल्या त्या लोकांना आत बसवून जेवायला विचारायचं, हे जे लुएलाला चाळिशीपर्यंत सुचलं नाही, ते ती हसताहसता करून मोकळी झाली होती. आणि पहिल्या रांगेत तिच्यासाठी तोंडावर हात धरून हसणारं माणूस बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस डेपोत ती आईला सोडायला गेली. कोरीन शाळेत होती. बस लागली होती, ड्रायव्हर सामान आत ढकलत होता. लुएलाने पिशवी आईच्या हातात दिली, पण सोडली नाही.

"आई, तुला नेण्याआधी… तुझी आई काय म्हणायची गं? झोपताना?"

"इतकं कोण लक्षात ठेवतं."

"काहीतरी असेल."

एव्हँजेलिन बसच्या चाकाकडे बघत उभी राहिली. मागच्या माणसाने "आजी, चढताय ना?" असं विचारलं, तरी ती हलली नाही. ती इतका वेळ थांबली की लुएलाला पिशवी धरलेल्या हाताची लाज वाटू लागली.

"मिचुंक्शी," म्हातारी म्हणाली. "म्हणजे आपल्या बोलीत माझी लेक. एवढंच. पुढे काहीतरी असायचं, ते गेलं. पण हे म्हणायची." तिने घसा साफ केला. त्यात कुठलाच ओलावा नव्हता, कागदावरच्या बाईचा सूर नव्हता. जुनाट बिजागरीसारखा करकरणारा, न वापरलेला आवाज. "मिचुंक्शी," तिने पुन्हा म्हटलं, या वेळी लुएलाच्या तोंडाकडे बघून, ड्रायव्हरदेखत. मग पिशवी ओढून घेतली, "सोड, बस जाईल," म्हणाली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागली.